पगाराची स्लिप नाही, सातबाऱ्यावर चौदा नावं: घराचं कर्ज कसं काढायचं

माझा धंदा बोटींच्या इंजिनांचा. हर्णै बंदरात कुणाचा नोझल चोंदला, कुणाच्या गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलं, कुणाच्या पंख्यात जाळं अडकून शाफ्ट वाकला, की माझा फोन वाजतो. बावीस वर्षं हेच करतो. या बावीस वर्षांत मला एकदाही पगाराची स्लिप मिळालेली नाही, कारण पगार देणाराच कुणी नाही. नाखवा लोक, म्हणजे बोटींचे मालक, पैसे देतात, कधी रोख, कधी मासळी विकल्यावर, कधी 'नारळी पौर्णिमेनंतर बघू' म्हणून.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या घराची कौलं पत्त्यांसारखी उडाली. भरपाई आली ती पत्रे आणि वाशांत संपली. दुसऱ्या पावसात मागची मातीची भिंत फुगली आणि आई म्हणाली, "आता लिंपून भागायचं नाय." तिथून नवीन घरात पाऊल टाकेपर्यंत चार वर्षं लागली. त्यातलं बांधकाम एका वर्षाचं, बाकीची तीन वर्षं कागदांची. आता रविवारी वर्कशॉपवर कुणी ना कुणी फाईल घेऊन येतंच. कुणी रिक्षावाला, कुणी वडापवाला, कुणी घरगुती खानावळ चालवणारी वहिनी. प्रत्येकाला तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून लिहून ठेवतोय.

सगळे येतात ते 'उत्पन्नाचा पुरावा नाही' म्हणून रडत. माझा अनुभव उलटा आहे. उत्पन्न दोन वर्षांत कागदावर आणता येतं. आपल्याकडे कर्ज अडतं ते जमिनीवर. म्हणून बँकेत जायच्या आधी तलाठ्याकडे जा. (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावात तलाठीच चालतं.)

आधी सातबारा

पहिल्यांदा बँकेत गेलो तेव्हा मी वहीच घेऊन गेलो होतो. लाल पुठ्ठ्याची, ग्रीसच्या बोटांचे ठसे उमटलेली. कुणाकडून किती आले, कुणाकडे किती राहिले, सगळं त्यात. साहेबांनी चार पानं उलटली, बोटाला काळं लागलं ते रुमालाला पुसलं आणि वही परत दिली. मग म्हणाले, "ते राहू दे. जागा कुणाच्या नावावर आहे?" मी सातबारा पुढे केला. त्यांनी नावं मोजली. चौदा. त्यातली तीन माणसं वारलेली. "यातले तुम्ही कोण?" मी त्यात नव्हतोच. माझे वडील होते, अकराव्या नंबरला.

कोकणात हे घरोघर आहे. पणजोबांची जमीन, सामायिक खातं, निम्मे वारस लालबाग-परळला, एखादा आखातात. शंभर वर्षं आपण तिथे राहतो, झाडं आपण लावलेली, पण बँकेच्या लेखी आपण चौदाव्या हिश्श्याचे धनी, आणि तो चौदावा हिस्सा नेमका कुठला हेही कागदावर नाही. असलं तारण कोण घेईल?

करायचं ते असं. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढा, १५ रुपये लागतात. सोबत ८ अ, म्हणजे खात्याचा उतारा, आणि जुने फेरफार. मयतांची नावं असतील तर आधी वारस नोंद. अर्ज दिला की नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग नोंद मंजूर होते. ही पायरी सोपी आहे, फक्त मृत्यूचे दाखले जमवताना जीव जातो. माझ्या एका चुलत आजोबांचा दाखला मुंबईत मिळाला, तोही आडनावाच्या चुकीसकट.

मग वाटप किंवा हक्कसोड. सगळे राजी असतील तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येतं. आमच्यात सगळ्यांना वाटप नको होतं, कारण मोजणी, हद्दी, आंबा कुणाचा आणि फणस कुणाचा असले वाद निघाले असते. म्हणून आम्ही एकाच गटापुरतं हक्कसोडपत्र केलं. या अकरा गुंठ्यांवरचा हक्क बाकीच्यांनी सोडायचा, आणि खालच्या काजूच्या बागेतला आमचा हिस्सा आम्ही सोडायचा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, दस्तलेखकाने सांगितली म्हणून माझे पैसे वाचले. मी म्हणत होतो आत्याने तिचा हक्क माझ्या नावे सोडावा. तो म्हणाला, नको, आत्याने भावाला सोडायचा, म्हणजे तुमच्या वडिलांना. वडिलोपार्जित मिळकतीत भाऊ, बहीण, मुलं, आईवडील अशा जवळच्या नात्यात, मोबदला न घेता हक्क सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. नातं त्या यादीबाहेर गेलं की हिशेब वेगळा. म्हणून जमीन वडिलांच्या नावावर झाली आणि वडील कर्जात सहकर्जदार झाले. जो मालक असतो त्याला बँक कर्जात घेतेच, त्यामुळे ते फुकट गेलं नाही.

दस्त नोंदवायचा दिवस मला अजून आठवतो. सगळ्यांना एका दिवशी दापोलीला आणायचं म्हणजे लग्नापेक्षा कठीण. मुंबईचे दोन काका रात्रीच्या गाडीने आले. आखातातल्या चुलतभावाने तिथल्या भारतीय वकिलातीतून कुलमुखत्यारपत्र पाठवलं होतं. आणि केळशीच्या आत्येचा अंगठा मशीन घेईना. तिने जन्मभर काजू सोललेले, चिकाने बोटांच्या रेषाच गेलेल्या. ओल्या फडक्याने पुसला, कोरडा केला, परत ठेवला. सहाव्या वेळेला हिरवा दिवा लागला. तोवर आत्ये त्या पोराला म्हणत होती, "अरे, मी जिवंत हाय, इथंच उभी हाय, तरी तुला पटना?" आत्येने एक पैसा घेतला नाही. मे महिन्यात एक पेटी आंबा मात्र तिला न चुकता जातो, तो तिने त्याच दिवशी ठरवून घेतला.

सातबाऱ्यावर अजून दोन गोष्टी पाहा. एक, भोगवटादार वर्ग, म्हणजे जमीन कुठल्या अटींवर आपल्याकडे आहे ते. कुळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर इतर हक्कात 'कलम ४३ ला अधीन' असा शेरा असतो. खरेदीचा दाखला मिळून दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या ४० पट रक्कम भरून हा अडसर निघतो. शेतसारा इतका कमी असतो की ४० पट म्हणजेही फार नाही, पण तो भरल्याचा फेरफार हातात हवा. दोन, बोजा. आजोबांनी सोसायटीकडून घेतलेलं कर्ज फिटून तीस वर्षं झाली तरी बोजा तसाच बसलेला असतो. सोसायटीचा दाखला आणा आणि तो उडवून घ्या.

शेतजमिनीवर बँक का नाक मुरडते

नाव एक झालं तरी जमीन शेतीची असेल तर बहुतेक बँका घरासाठी कर्ज देत नाहीत. मला आधी वाटायचं हा साहेबांचा हट्ट. तसं नाही. कर्ज थकलं तर बँक कोर्टात न जाता तारण ताब्यात घेते ती २००२ च्या सरफेसी कायद्याने, आणि तो कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणजे बँकेच्या हातात दांडकंच राहत नाही. म्हणून 'एनए करून या', म्हणजे जमीन बिगरशेती करून या, म्हणतात.

गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत जागा असेल तर माझ्या वेळी जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४२-ड चा रस्ता होता. तिथे वेगळ्या परवानगीचा फेरा नव्हता, रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरून सनद घ्यायची असे. आमची जागा सड्याकडे चढणाऱ्या वाटेवर, गावठाणापासून शंभरएक मीटरवर, त्यामुळे माझं त्यातच भागलं. या नियमांत सरकार वरचेवर बदल करतं, म्हणून आज काय चालू आहे ते तहसील कार्यालयातच विचारा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

ज्यांचं घर गावठाणातच आहे, त्यांची गंमत वेगळी. तिथे सातबाराच नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे असेसमेंटचा उतारा, एवढाच कागद. तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नव्हे, हे बँकेचा वकील पहिल्या मिनिटाला सांगतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली आणि मालमत्ता पत्रक मिळायला लागलं. ज्या गावाचं झालंय त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयातून ते काढा आणि नाव, क्षेत्र तपासून घ्या. बंदरातल्या माझ्या एका मित्राला त्या एका पत्रकावर कर्ज मिळालं, तेही माझ्यापेक्षा लवकर. मी मात्र तीन वर्षं खेटे घातले. असो.

समुद्राजवळ बांधणाऱ्यांनी सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, विसरू नका. गावाकडच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून बहुतेक ठिकाणी २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. खाडीच्या काठालाही असा पट्टा असतो, फक्त अरुंद. आधीपासूनच्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा तिथेच पुनर्बांधणी याला सवलत आहे, म्हणून जुन्या घराची घरपट्टीची पावती सोन्यासारखी जपा. माझ्या मेव्हण्याने खाडीला लागून जोतं घातलं आणि मग कर्जाला गेला. मूल्यांकनाला आलेल्या इंजिनिअरने टेपसुद्धा काढली नाही. काठावर उभा राहून खारफुटीकडे बघितलं आणि परत गाडीत बसला. ते जोतं अजून तसंच आहे, त्यावर सध्या बोंबील वाळतात.

आणि गुंठ्यांत जागा विकणारे दलाल. 'दोन गुंठे, रोड टच, सी व्ह्यू', आणि कागद काय तर स्टँपपेपरवर नोटरी केलेला करार. त्यावर कुठलीही बँक कर्ज देत नाही. जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकायला अटकाव करणाऱ्या तुकडेबंदीच्या कायद्यात अलीकडे सवलती आल्या आहेत, पण त्या आपल्या गटाला लागू आहेत का हे तहसीलात विचारल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नका.

वहीतलं उत्पन्न खात्यात आणणं

जमिनीचे कागद फिरत असतात तेव्हाच हे काम सुरू करायचं, कारण याला किमान दोन वर्षं लागतात. मी वर्कशॉपच्या दारावर क्यूआर कोड लावला आणि नाखवांना सांगितलं, रोख देऊ नका, यावर टाका. निम्मे हसले. "आता तू पण साहेब झालास काय?" पण दोन महिन्यांत सवय झाली. जे रोख आले ते मी दर सोमवारी खात्यात भरले. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, केली, ती फुकट होते, त्यासाठी कुणाला पाचशे देऊ नका.

मग विवरणपत्र. छोट्या धंद्याला सगळी हिशेबाची पुस्तकं न ठेवता अंदाजी नफा दाखवता येतो. कायद्याने किमान ८ टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के. इथेच लोक फसतात. माझी वर्षाची उलाढाल नऊ लाखांच्या आसपास. ओळखीतला एकजण म्हणाला, ८ टक्के दाखव, ७२ हजार, विषय संपला. मी साधा भागाकार केला. ७२ हजारांना बारा महिन्यांनी भागलं की महिन्याला सहा हजार. सहा हजार मिळवणाऱ्याला कोण घराचं कर्ज देईल? ८ टक्के हा किमान आकडा आहे, त्याहून जास्त नफा असेल तर खरा दाखवायचा असतो. माझ्या कामात मजुरीच मोठी, सामान नाखवा स्वतः आणतो. मी ४ लाख १० हजार दाखवले. सवलत धरून कर शून्यच आला. कर लागत नाही म्हणून विवरणपत्र न भरणं किंवा भीतीने उत्पन्न कमी दाखवणं, दोन्हीत आपलंच नुकसान. आंबा-काजूवाल्यांनीही हे लक्षात घ्यावं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण विवरणपत्रात दाखवता येतं, आणि सोबत पेढीच्या पट्ट्या जोडल्या की बँक ते धरते.

घरात आणखी कुणाचं उत्पन्न असेल तर तेही जोडा. माझी बायको बचत गटातून सुकट, कोकम, आमसुलं विकते. पर्यटक क्यूआरवर पैसे देतात, त्यामुळे तिचं खातं माझ्याआधीच नीट होतं. ती सहअर्जदार झाली तेव्हा पात्रता रक्कम वाढली. बँक साधारणपणे सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत ठेवते, त्यामुळे आधीचं गाडीचं किंवा मोबाईलचं कर्ज असेल तर ते फेडून मग जा.

सिबिलचा, म्हणजे आपण आधीची कर्जं कशी फेडली त्याचा आकडा ३०० ते ९०० असतो. चार कंपन्या हा अहवाल देतात आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. अर्जाआधी बघाच. मी कधी कर्जच घेतलं नव्हतं म्हणून निर्धास्त होतो, आणि अहवालात एक थकीत मोटारसायकल निघाली. एका खलाशाला मी जामीन राहिलो होतो! तो हप्ते चुकवून दुसऱ्या बंदराला निघून गेला होता. ते पैसे मी भरले, थकबाकी नसल्याचा दाखला घेतला आणि चार महिने थांबलो. ज्यांचा खरोखरच काही इतिहास नाही, त्यांनी घाबरू नये. निव्वळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे आणि सरकारने २०२५ मध्ये लोकसभेतही ते सांगितलं. शाखेत कुणी 'स्कोअर नाही, जा' म्हणालं तर नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की सूर बदलतो.

पैसा कुणाकडून

आधी बघायचं ते घरकुल. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाटीला १ लाख २० हजार, डोंगरी भागाला १ लाख ३० हजार मिळतात, शिवाय रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. हे कर्ज नाही, फेडायचं नाही. पूर्वी यांत्रिक बोट किंवा दुचाकी असली की नाव कटायचं. २०२४ मध्ये त्या अटी काढल्या आणि कुटुंबाची मासिक मिळकतीची मर्यादा १५ हजार झाली. त्यामुळे पूर्वी नाकारलेल्या कोळी बांधवांनी ग्रामपंचायतीत परत विचारावं. राज्याच्या रमाई, शबरी, मोदी आवास या योजनाही आहेत, जातीच्या दाखल्याप्रमाणे. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला १ लाखापर्यंत मदत मिळते. दापोली, गुहागर, मालवण असं नगरपंचायत किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत घर घेणार असाल तर शहरी आवास योजना २.० मधलं व्याज अनुदान बघा. वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्नवाल्यांना ते मिळून १ लाख ८० हजारांपर्यंत जातं. गावातल्या घराला ते नाही. आमच्याकडे एक एजंट गावातल्या घरांसाठी याच अनुदानाचे फॉर्म भरून घेत होता, फॉर्ममागे हजार रुपये. मीही दिले होते.

मी यादीत बसत नव्हतो, म्हणून कर्जच. राष्ट्रीयीकृत बँक, जिल्हा बँक आणि ग्रामीण बँक (विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, जुन्या पासबुकवाल्यांनी गोंधळू नये) इथे व्याज कमी आणि कागद जास्त. गृहवित्त कंपन्यांकडे उलटं. त्यांचा माणूस वर्कशॉपवर आला, तासभर बसला, किती बोटी येतात ते मोजलं, माझी तीच लाल वही मन लावून वाचली आणि नाखव्याला फोन करून खात्री करून घेतली. खरं सांगतो, बरं वाटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या धंद्याला धंदा म्हटलं होतं. तो १३ टक्क्यांनी द्यायला तयार होता.

त्या रात्री बायकोने मोबाईलवर हिशेब केला. आठ लाख, पंधरा वर्षं. ९ टक्क्यांनी हप्ता ८,११४ रुपये. १३ टक्क्यांनी १०,१२२. महिन्याला दोन हजारांचा फरक, पंधरा वर्षांत ३ लाख ६१ हजारांचा. ती म्हणाली, "वर्षभर थांबूया. कागद होतील." थांबलो. ज्याच्या डोक्यावर छप्परच नाही, त्याने थांबू नये हेही सांगतो. अशा माणसाने कंपनीचं कर्ज घ्यावं, दोन वर्षं हप्ते चोख भरावे आणि कागद झाले की बँकेत वळवून घ्यावं. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नसतो, फक्त करारात 'स्थिर दर' लिहिलेलं नाही ना, ते सहीआधी बघा. बँकेने आणि कंपनीने सगळे खर्च एकत्र दाखवणारं मुख्य माहितीपत्रक द्यायचं असतं. ते मराठीत मागा, मिळतं.

पतसंस्था वाईट नाही. पिग्मी एजंट रोज दारात येतो, तो तुमचा सिबिल असतो. छप्पर, संडास, एखादी खोली, अशा लाख-दोन लाखांच्या कामाला चांगली, पूर्ण घराला व्याज झेपत नाही. आणि एक ध्यानात असू द्या, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. घरासाठी साठवलेली सगळी रक्कम तिथे ठेवू नका. महिलांच्या गटाला मिळणाऱ्या मायक्रोफायनान्सच्या पैशाने भिंत उभी करू नका, एवढंच म्हणतो. शेजारच्या घरात तीन गटांचे हप्ते चालू होते, आठवड्याला कुणीतरी दारात, आणि स्लॅब अजून पडलेला नाही. सोनेतारण मी केलं, पण फक्त बँकेचा पहिला टप्पा येईपर्यंतच्या चार महिन्यांसाठी.

टप्पे आणि पाऊस

घरबांधणीचं कर्ज एकदम मिळत नाही. आधी आपला पैसा घालायचा, मग जोतं, भिंती, स्लॅब, गिलावा असे टप्पे. प्रत्येक टप्प्याला इंजिनिअर येऊन बघतो, मग रक्कम सुटते. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक नव्वद टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण देईलच असं नाही. माझं बांधकाम तेरा लाखांचं, मिळाले आठ. वरचे पाच आपले.

याचा आणि पावसाचा मेळ घाला. मंजुरी एप्रिलमध्ये आली तर उड्या मारू नका. जून लागला की खाणीतून चिरा येणं बंद, वाळू महाग, गवंडी शेतावर. जोतं होऊन चार महिने काम थांबतं आणि उचललेल्या रकमेचं व्याज चालूच राहतं. मी मंजुरी दिवाळीनंतर घेतली. जानेवारीत चिरे उतरवले, मेच्या तिसऱ्या आठवड्यात स्लॅब पडला, बाकी काम पुढच्या हंगामात.

विम्याचं बोलतो. सही करताना साहेब जीवनविम्याचा एक कागद मध्येच सरकवतात, हप्ता कर्जात मिळवतात. तो सक्तीचा नसतो, नको असेल तर नको म्हणा. घराचा विमा मात्र घ्या आणि त्यात वादळ आणि पूर आहे का ते वाचून घ्या. निसर्ग पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये.

हप्त्याची तारीख आणि आपला हंगाम जुळवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. नाखव्याला तेव्हा धंदा नाही. मला मात्र तेव्हाच सगळ्यात जास्त काम, कारण बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या आणि इंजिनं उघडलेली. पैसे मात्र पहिली मासळी उतरल्यावर. म्हणजे ज्या दोन महिन्यांत मी रात्री अकरापर्यंत राबतो त्याच दोन महिन्यांत खात्यात खडखडाट. म्हणून मार्चपासून दर महिन्याला थोडं वेगळ्या खात्यात टाकत जातो आणि मेअखेर तीन हप्ते तयार ठेवतो. शेतीवर जगणाऱ्यांनी सहामाही हप्ता मिळेल का ते अर्जाच्या वेळीच विचारावं, काही ठिकाणी देतात. मंजुरीनंतर विचारलं तर कुणी ऐकत नाही.

शेवटचा हप्ता भरला की मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. उशीर बँकेचा असेल तर दिवसाला ५ हजार रुपये द्यावे लागतात, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कागद घेऊन थेट घरी जायचं नाही. बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जायचं आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा कमी करायचा अर्ज द्यायचा. नाहीतर तीस वर्षांनी आपला नातू कुठल्यातरी साहेबासमोर बसेल, आणि साहेब त्याला विचारेल, हा बोजा कुणाचा?